जंगलात गर्दी कोणाची?

टोकियोत शिंजुकु स्टेशनवरून केइओ लाइनची गाडी पकडली की तासाभरात ताकाओसान येतो. उंची 599 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. तरी जगात सर्वाधिक लोक चढतात अशा डोंगरांत याचं नाव घेतात. मी गेलो तो नोव्हेंबरातला रविवार. मेपलची पानं लाल झालेली.

‘शिनरिन-योकु’, म्हणजे अरण्यस्नान, हा शब्द जपानच्या वन खात्याने 1982 साली रुजवला. मला तेच करायचं होतं. सावकाश चालायचं, शांत व्हायचं.

म्हणून मुद्दाम सहा नंबरची वाट निवडली. ओढ्याकाठची, सुगीच्या उंच झाडांखालची, अरुंद. पण पुढेही माणसं, मागेही माणसं. मी मनातल्या मनात करवादत होतो, एवढे लोक कशाला येतात इथे? राजमाचीला काजवे बघायला गेलो होतो, तेव्हाही हेच म्हणालो होतो.

माझ्यापुढे एक आजी होत्या. वरच्या टप्प्यात ओढ्यातल्या दगडांवरूनच चालावं लागतं. त्या काठी टेकत एकेक पाय जपून ठेवत होत्या. मी इतका मागे लागलो होतो, की त्यांना माझा श्वास ऐकू येत असावा. त्या थांबल्या, किंचित वाकल्या, बाजूला झाल्या. बाजूला कोरडी जागा नव्हती. त्यांचा एक बूट पाण्यात गेला. ‘सुमिमासेन’ पुटपुटत मी पुढे सटकलो. शांत व्हायची घाई होती ना!

उतरताना एक नंबरच्या वाटेवर ‘ताको-सुगी’ लागतो. ताको म्हणजे ऑक्टोपस. याकुओ-इन देवळाचा रस्ता करताना या झाडाची मुळं आड येत होती. झाड तोडायचं ठरलं, तर त्याने रातोरात मुळं वळवून घेतली, अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट झाडाच्या समजूतदारपणाची म्हणून सांगतात. मला मात्र त्यात कुऱ्हाड दिसली.

जागा देणं आणि जागा द्यावी लागणं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. आजींचं वाकणं मी सौजन्य समजलो, कारण तसं समजणं माझ्या सोयीचं होतं. ज्याला घाई असते त्याला समोरच्याचा नाइलाज नेहमी नम्रपणाच वाटतो. आणि ‘गर्दी’ हा शब्दही असाच सोयीचा. त्यात आपण स्वतःला कधी मोजत नाही. मीही त्याच गाडीने आलो होतो, तेच लाल मेपल बघायला.

मग निसर्गात एकांत मागूच नये का? मागावा. पण तो दुसऱ्याला पाण्यात उतरवून मिळत असेल, तर तो एकांत नव्हे, नुसती मोकळी वाट.

खाली येताना पुढे एक छोटी मुलगी होती. दर चार पावलांवर वाकून पान उचलायची. मी मागे थांबत राहिलो, जरा अंतर ठेवून. आजींची फेड त्याने होत नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी सावकाश चाललो.