सोडले कोणी, सोसले कोणी

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस धावत येतो आणि येशूपुढे गुडघे टेकतो. सार्वकालिक जीवन मिळावे म्हणून काय करू, हा त्याचा प्रश्न. आज्ञा तो लहानपणापासून पाळत आलेला आहे. येशू त्याला सांगतो, असेल नसेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. माणूस खिन्न होऊन निघून जातो. उंट आणि सुईच्या नेढ्याचा दाखला इथलाच. तो सगळ्यांच्या लक्षात राहतो, पुढचे संभाषण मात्र फारसे राहत नाही. पेत्र म्हणतो, आम्ही तर सगळे सोडून आलो. त्यावर येशू हिशेब सांगतो. घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुले, शेते ज्याने सोडली त्याला याच आयुष्यात शंभरपट मिळेल, त्यासोबत छळही मिळेल, आणि पुढच्या युगात सार्वकालिक जीवन मिळेल.

मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात, पण छळाचा उल्लेख गाळतात. मार्कच्या मजकुरात आणखी एक बारकावा आहे. सोडायच्या यादीत बाप आहे, परत मिळायच्या यादीत तो नाही. त्या काळच्या घरात मालमत्तेवर आणि माणसांवर बापाची सत्ता चाले. नव्या घरात आया, भावंडे, मुले भरपूर, पण तशी सत्ता गाजवणारा कोणी नाही. म्हणजे बक्षीस म्हणून सांगितले आहे ते एक घर, ज्याची वाटणी होत नाही असे.

ख्रिस्ती विचाराने पुढे शतकानुशतके खल केला तो या उताऱ्याच्या पहिल्या अर्ध्यावर : किती सोडायचे? दुसऱ्या अर्ध्यातून निघणारे प्रश्न, म्हणजे एकाने सोडले तर झळ कोणाला लागते आणि मोबदला कोणाच्या वाट्याला येतो, हे मागेच पडून राहिले. संपूर्ण श्रद्धेची कल्पना खरी वाढली ती या मागे पडलेल्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले तेव्हा.

यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीने जमिनी विकून पैसा एकत्र ठेवल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तिथेच हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्टही आहे. त्यांनी विक्रीतला काही पैसा लपवला आणि सगळे दिल्याचा आव आणला. त्यागाचे ढोंग त्यागाइतकेच जुने, हे त्या पुस्तकाने पाचव्या अध्यायातच कबूल करून टाकले आहे. पण मंडळीत पैसेवाले येऊ लागले तसा प्रश्न अवघड झाला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटने श्रीमंताच्या तारणावर एक प्रबंधच लिहिला. त्याचे म्हणणे असे : काढून टाकायचा तो मनातला लोभ. कोणाजवळच काही उरले नाही तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? बिनतोड युक्तिवाद आहे, आणि सोयीचाही. तेव्हापासून सुखवस्तू ख्रिस्ती माणूस त्याच्या आडोशाला उभा राहत आला.

हा आडोसा ज्याने नाकारला तो इजिप्तचा अँथनी. त्याचे चरित्र अथानासियसने लिहिले. सन 270च्या सुमाराला, आईबाप नुकतेच वारलेले असताना, विशीच्या आतबाहेरच्या अँथनीने देवळात त्या श्रीमंत माणसाचा उतारा ऐकला आणि तीनशे अरूरा सुपीक जमीन देऊन टाकली. घरातले सामान विकून पैसा गरिबांना वाटला, थोडा धाकट्या बहिणीसाठी ठेवला. पुन्हा एकदा देवळात गेला तेव्हा उद्याची चिंता न करण्याचे वचन कानावर पडले. मग तेही वाटले, बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले आणि आपल्या तपाला लागला. पुढे वाळवंटात शेकडो माणसे त्याच्या वाटेने गेली. ख्रिस्ती संन्यासाची परंपरा या माणसापासून मोजतात. बहिणीचे मात्र या चरित्रात नावसुद्धा नाही. जमीन तिचीही होती. ती द्यावी की ठेवावी, हे तिला कोणी विचारल्याची नोंद नाही.

अँथनीला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. एकट्याचा त्याग असा नसतोच, एवढे त्या बहिणीकडे पाहिले की दिसते. पुढच्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला तेव्हा कैसरियाच्या बेसिलने प्रश्न उलट्या बाजूने मांडला. कोठारात अडकलेले धान्य भुकेल्याचेच आहे, मग ते देण्यात औदार्य कसले, असा त्याचा सवाल होता. शहराबाहेर त्याने आजारी आणि निराधारांसाठी मोठा आश्रय उभारला. देणाऱ्याच्या आत्म्याचे काय होते याहून घेणाऱ्याच्या पोटाचे काय होते हे महत्त्वाचे ठरू लागले, आणि ही फार मोठी उडी होती.

असिसीच्या फ्रान्सिसने 1206च्या सुमाराला बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून कापडव्यापारी बापाच्या हवाली केले. मार्कच्या यादीतून बाप का गळला असेल याचे याहून रोखठोक उदाहरण नाही. पण फ्रान्सिसच्या मागे त्याच्या संघाकडे मठ आले, देणग्या आल्या आणि गरिबीच वादाचा विषय झाली. 1323 साली पोप बाविसावे जॉन यांनी येशू आणि त्याचे शिष्य यांची काहीच मालमत्ता नव्हती हे मत पाखंड ठरवले. तिकडे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने सूत्र दिले : शक्य तितके मिळवा, शक्य तितके वाचवा, शक्य तितके द्या. अनुयायांनी पहिली दोन पाळली. धर्माने माणूस उद्योगी आणि काटकसरी होतो, त्याने पैसा येतो आणि पैशाने धर्म आटतो, ही वेस्लीची म्हातारपणची व्यथा. त्याचे ते लिखाण पुढे मॅक्स वेबरने आपल्या सिद्धान्तासाठी वापरले.

महाराष्ट्रात ही कल्पना आली तेव्हा तिला वेगळीच धार चढली. इथे ख्रिस्ती होण्याची किंमत जमीन वाटून टाकण्यापुरती राहिली नाही. जात गेली की पंगत गेली, पाणवठा गेला, वडिलोपार्जित हिस्सा गेला, जिवंतपणी घरच्यांनी घटश्राद्ध घालायची वेळ आली. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. मग त्याला शुद्ध करून परत घ्यायचे की नाही यावर ब्रह्मवृंदात रण माजले. परत घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही त्याचा जाच झाला. मुलाने बाप्तिस्माही घेतला नव्हता, तरी किंमत पडली. 1850चा एकविसावा कायदा आला तो याच मुद्द्यावर. धर्म सोडला किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क बुडणार नाही, असे त्याने ठरवले. सरकारने हिस्सा वाचवला, पंगत वाचवणे त्याच्या हातात नव्हते.

याच्या अगदी उलट आरोप अहमदनगरच्या खेड्यांतल्या महार-मांग ख्रिस्त्यांवर झाला. हे पोटासाठी बाटले, दुष्काळात धान्य मिळाले म्हणून बाटले. ब्राह्मणाने धर्म सोडला तर तो त्याग किंवा धर्मभ्रष्टता, महाराने सोडला तर तो व्यवहार. दोघांना वेगळी मापे लावणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. देवाधर्माशी जोडलेली गावकीची कामे नाकारली की बलुत्यावर गदा येई. ज्याच्याकडे सोडायला इस्टेट नाही, त्याने रोजची भाकर पणाला लावली. आणि धान्य मिळाले म्हणून कोणी आला असेल, तरी बेसिलच्या हिशेबाने त्यात लाजण्यासारखे काय आहे? उपाशी माणसाला पोटापासून वेगळी अशी श्रद्धा मागणे हा भरल्या पोटाचा चोखंदळपणा आहे.

टिळकांची गोष्ट मराठी वाचकाच्या घरातली आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्याची पूर्वसंमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. सोळा वर्षांच्या आसपासचा संसार, पदरात लहानगा दत्तू, आणि बातमी आली ती झाल्यावर. पुढची चार-साडेचार वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. अँथनीची बहीण जे सांगू शकली नाही, ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले. म्हणूनच ते पुस्तक मला ख्रिस्ती विचाराच्या इतिहासातलेही एक महत्त्वाचे पुस्तक वाटते. घरातले पैसे, वस्तू, वेळ सगळे परक्यासाठी उधळणारा संतप्रवृत्तीचा नवरा, आणि उद्याच्या चुलीची काळजी करणारी बायको. हे चित्र त्यांनी हसत काढले आहे, त्यामुळे त्यातला हिशेब जास्तच नेमका लागतो. नवरा देतो तेव्हा त्यातले निम्मे तिचे असते.

पण लक्ष्मीबाई तिथे थांबल्या नाहीत. अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्यावरही त्यांचे सोवळे सुरू होते. ते एकेक करून, स्वतःच्या विचाराने सुटत गेले आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी 1895 मध्ये मोजलेली किंमत लक्ष्मीबाईंवर लादलेली होती. 1900 मध्ये तोच तोटा त्यांनी आपला म्हणून स्वीकारला. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले.

टिळकांचाही विचार तिथे थांबला नाही. बाप्तिस्म्याने जात आणि गोत गेले, पण मिशनचा पगार सुरू झाला. ज्याच्यासाठी सगळे सोडले त्याचीच नोकरी, आणि तीही परक्या पैशावरची, हा काटा त्यांना सलत राहिला. 1917 मध्ये त्यांनी मिशन सोडले, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची धारणा होती. 1919च्या मे महिन्यात ते वारले, त्यामुळे दरबाराला बहर यायला वेळ मिळाला नाही. त्यांचा मुद्दा मात्र उरतो. श्रद्धेवर पोट चालू लागले की श्रद्धेची परीक्षा संपत नाही, ती तिथे सुरू होते.

शंभरपटीचे काय? त्याचे उत्तर शोधायला दौंडजवळच्या केडगावला जावे लागते. पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळात अन्नावाचून गेले, नवरा 1882 मध्ये गेला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रातला लोकादर पणाला लावला. 1889 मध्ये निघालेल्या त्यांच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतात या बोभाट्यावरून 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी निराधार मुली आणि बायका केडगावला आणल्या. त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये शेती होती, विणकाम होते, तेलघाणी होती, छापखाना होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्याच मुलींनी जुळवले. घर, बहिणी, मुले, शेते, आणि सोबत टीका : मार्कची यादी केडगावात शब्दशः भरलेली दिसते. फक्त यातले काहीच रमाबाईंनी स्वतःसाठी जमवलेले नव्हते. शंभरपट मिळाले ते त्या दुष्काळी मुलींना, आणि त्या मिळाल्या म्हणून रमाबाईंना.

आजच्या समृद्धीच्या शिकवणुकीशी हे ताडून पाहावे. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्सने दानाला पेरणीचे बी ठरवले. दिल्याच्या कितीतरी पट परत येईल, ही हमी आता आपल्याकडच्या प्रार्थनासभांतही ऐकू येते. तिचा आधार तोच शंभरपटीचा उतारा. त्यातला छळ गाळलेला असतो, आणि घर ‘आपले’ न राहता ‘माझे’ झालेले असते. गरीब माणूस शेवटची नोट टाकतो तेव्हा तो लोभी असतो असे मी म्हणणार नाही, त्याला आजार असतो, कर्ज असते. लोभाचा प्रश्न विचारायचा तो नोट घेणाऱ्याला.

आणि किंमत अजूनही कागदावर मोजली जाते. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख, 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. 1850च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसा राखला होता. शंभर वर्षांनी आलेल्या आदेशात धर्म बदलला की सवलत गेली, वस्तीतली अस्पृश्यता मात्र तशीच राहिली. त्यामुळे एखादा तरुण बाप्तिस्मा मनात ठेवतो आणि जातीचा दाखला जुना ठेवतो. त्याला अर्धवट श्रद्धेचा म्हणण्याआधी एवढे पाहावे की त्याच्या दाखल्यावर धाकट्या भावंडांची फी आणि बापाचे औषध अवलंबून आहे. या माणसाचा त्याग त्याच्या एकट्याचा नाही, हे त्याला अँथनीपेक्षा चांगले कळलेले आहे.

म्हणून संपूर्ण मनाच्या श्रद्धेची कसोटी मला आता अशी दिसते. सोडणाऱ्याने काय सोडले एवढ्यावर ती संपत नाही. ज्यांना न विचारता सोसावे लागले, त्यांना नव्या घरात हक्काची जागा मिळाली का, आणि त्यांचे म्हणणे तिथे ऐकले गेले का, हेही तपासावे लागते. केडगावला ते बऱ्याच अंशी झाले, टिळकांच्या घरी उशिरा झाले. जिथे होत नाही, तिथल्या त्यागाचे कौतुक जरा जपूनच करावे.