बाटलीतलं सूप

आमच्या सासूबाई अजून पाणी दुहेरी कापडातून गाळतात. कापडावर राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडतात. मागच्या चातुर्मासात त्यांचा ताप दहा दिवस उतरेना. डॉक्टरांनी रक्त ‘कल्चर’ला पाठवलं. टायफॉइडचे जंतू सापडले, कोणतं औषध लागू पडेल तेही कळलं, आणि सासूबाई उठून बसल्या.

माझी भाची लॅबमध्ये आहे. तिला सहज विचारलं, त्या बाटलीत असतं तरी काय?

“ब्रॉथ, मावशी. जंतूंचं सूपच म्हण ना!”

साध्या ब्रॉथमध्ये पेप्टोन आणि गोमांसाचा अर्क. रक्तासाठी पुष्कळदा वापरतात त्यात तर जनावराच्या मेंदूचं आणि हृदयाचं सत्त्व. ते १२१ अंशांवर निर्जंतुक करायचं, रक्त घालून ३७ अंशांवर ठेवायचं. कोट्यवधी जंतू वाढतात. काम झालं की पुन्हा १२१ अंश, सगळे खलास. पाश्चरनेही १८७९ मध्ये कोंबड्यांच्या रोगाचे जंतू कोंबडीच्याच सूपात वाढवले होते.

मला रात्रभर झोप लागली नाही. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने संकल्पी सोडायचीच. बाकीची होईल तेवढी टाळायची. रोगाशी लढणं विरोधीत बसेल. पण ते जनावर? ते काही आमच्यावर चालून आलं नव्हतं. आणि हे सासूबाईंना सांगायचं की नाही? लपवलं तर मायाचार, सांगितलं तर त्यांच्या जिवाला घोर.

शेवटी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्या कशात वाढत नाहीत का गं ते?”

मी भाचीला विचारलं. वाढतात! दुधाच्या केसिनचा, सोयाबीनचा ब्रॉथ असतो. मात्र केसिन पचवायला स्वादुपिंडातलं पाचकद्रव्य लागतं, तेही बहुधा जनावराचंच. पूर्ण वनस्पतीजन्य पेप्टोनही आता मिळतात. पण प्रत्येक जंतूला ते मानवतातच असं नाही.

म्हणजे हात पूर्ण स्वच्छ राहत नाहीत. बरं झाल्यावर मानभावीपणे नाक मुरडणंही खोटंच; त्या सूपामुळे आमच्या घरातलं माणूस आज हयात आहे. मला सापडलं ते एवढंच, की सासूबाईंचा प्रश्न हेच आपलं गाळणं. सगळं गाळून निघत नाही, म्हणून कुणी कापड टाकून देत नाही.

सासूबाईंनी त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात त्या अनोळखी जनावराची क्षमा मागितली. मी शेजारी बसले होते. मीही मागितली.