नेमून दिलेला बाक

संसदीय प्रतोदांची चौथी अखिल भारतीय परिषद १९६२ साली मुंबईत भरली. शिक्षणसंस्थांतून अभिरूप संसद भरविण्यास शासनाने उत्तेजन द्यावे, अशी शिफारस तिने केली. तिच्यातूनच १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांत युवा संसद स्पर्धा सुरू झाली आणि १९८८ मध्ये ती केंद्रीय विद्यालयांपर्यंत पोहोचली. पनवेलला केंद्रीय विद्यालय आहे; तेव्हा आम्हा कळंबोलीकरांनाही या स्पर्धेविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

तासाभराच्या या बैठकीत पन्नासेक मुले शपथविधी, प्रश्नोत्तराचा तास, विधेयकावरील चर्चा असे सारे कामकाज वठवतात आणि परीक्षक गुण देतात. कोणी सत्ताधारी बाकावर बसायचे आणि कोणी विरोधी, हे बहुधा शिक्षकच ठरवतात. येथेच एक नैतिक शंका उभी राहते. जे मनाला पटलेले नाही ते ठासून बोलायला मुलांना शिकवावे काय? हे ढोंगाचेच शिक्षण नव्हे काय?

आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. सिडकोने वसविलेल्या कळंबोलीला लागून लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही येथूनच सुरू होतो. अवजड वाहनांची वर्दळ ही आमच्या वसाहतीची नित्याची सोबत. समजा, वसाहतीलगतच्या रस्त्यांवर अशा वाहनांना दिवसा बंदी घालणारे विधेयक सरावासाठी निवडले आणि ते मांडण्याचे काम एका ट्रकचालकाच्या मुलीकडे आले. वडिलांच्या पोटावर येणारा कायदा तिने सभागृहात समर्थायचा! भाषण सरांनी लिहून दिले असेल, तर ती केवळ भाड्याचे तोंड ठरेल. तेथे ढोंगाचा आक्षेप मला मान्य आहे. परंतु मुद्दे तिचे तिनेच शोधायचे असतील, तर ती शाळा सुटण्याच्या वेळी रस्ता ओलांडणारी लहान मुले पाहील, आणि घरी जाऊन बापालाच विचारील, ‘बाबा, दिवसभर गाडी उभी ठेवावी लागली तर आपलं काय होईल?’ त्या उत्तराला तोंड देऊ शकेल असे भाषण तिला करावे लागेल. बाक नेमून दिलेला खरा, पण त्यावर बसून केलेला विचार तिचा स्वतःचा असेल.

भूमिका आणि असत्य यांत भेद आहे. असत्यात ऐकणाऱ्याची फसवणूक असते. येथे तर ही नेमणूक आहे हे सर्वांना ठाऊक असते. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये संतपदाच्या चौकशीत प्रतिकूल बाजू मांडणारा अधिकारी नेमण्याची रीत घालून दिली. लोकांनी त्याला ‘सैतानाचा वकील’ असे नाव दिले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्यपद्धती बदलली, तोवर तो संतांच्या विरोधात बोलत राहिला. त्याला कोणी लबाड म्हटले नाही. आपल्याकडील शास्त्रचर्चेतही आधी पूर्वपक्ष, मग सिद्धान्त असा क्रम आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बजावले होते की, संविधानिक नीतिमत्ता उपजत नसते, ती जोपासावी लागते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी समजून घेणे हा त्या जोपासनेचाच भाग होय.

मला खटकते ते वेगळेच. तालमीत प्रश्न लिहिलेला, उपप्रश्न लिहिलेला आणि मंत्र्याचे उत्तरही लिहिलेले! खऱ्या सभागृहात ‘माहिती मागवून सांगतो’ असे मंत्री म्हणू शकतो. स्पर्धेच्या तयारीत मात्र हे प्रामाणिक वाक्य नामुष्की ठरते, कारण अडखळल्यास गुण जाण्याची धास्ती असते. (आपल्या धर्मशिक्षणाच्या परीक्षांतही पाठ केलेली उत्तरेच अधिक चमकतात, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) निदान सरावात तरी काही उपप्रश्न मंत्र्यांपासून गुप्त राहावेत. शेवटच्या आठवड्यात एकदा दोन्ही बाकांची अदलाबदल करावी. भालदार म्हणून दाराशी उभ्या केलेल्या अबोल मुलालाही एकदा उठून बोलू द्यावे.

आणि सराव संपल्यावर त्याच विधेयकावर गुप्त मतदान घ्यावे, बाकाप्रमाणे नव्हे, ज्याच्या त्याच्या विवेकाप्रमाणे. सभागृहात संमत झालेले विधेयक तेथे कदाचित फेटाळलेही जाईल. चिठ्ठ्या मोजताना त्या मुलीचे अक्षर ओळखू आले, तरी सरांनी ते ओळखू नये.