दोन हिशेब

आमच्याकडे वर्षातून दोन हिशेब होतात. पहिला रमजानमध्ये. घरातले सोने, बँकेतली शिल्लक, डब्यातली रोकड सगळे मांडायचे आणि निसाबाच्या वर गेले की शेकडा अडीच बाजूला काढायचे. शिकवण्यांतून उरलेले पैसे त्यात असतातच. आम्ही विसरलो तर घरातून आठवण होते. दुसरा हिशेब प्राप्तिकराच्या रिटर्नचा. तिथे पगार येतो, बँकेचे व्याज येते आणि शिकवण्या गायब होतात.

रत्नागिरीत घरोघरी दहावी-बारावीच्या शिकवण्या चालतात. सतरंजी, भिंतीला टेकवलेला फळा आणि रोख फी, तीही हप्त्याने. कचेरीतून आल्यावर आम्हीही वर्षानुवर्षे गणित शिकवले. रिटर्न भरून देणारे गृहस्थ म्हणाले, "सर, रोखीचे कोण बघतो? पगाराचे 'सहज' भरू आणि मोकळे होऊ." आम्ही मोकळे झालो.

मनाची समजूत घालायला कारणे भरपूर. मोठे लोक लाखो दडवतात, आमची दहा पोरे कुणाच्या डोळ्यावर येणार? शिवाय जकात देतोच की! पण जकातीचे हकदार ठरलेले आहेत. रस्ता आणि सिव्हिल हॉस्पिटल दुसऱ्या हिशेबावर चालतात. आणि जो पैसा अल्लाहसमोर 'माझा' म्हणून मांडला, तो सरकारसमोर मिळालाच नाही म्हणायचे, तर यातली एक जबानी खोटी.

(शाळेतल्या शिक्षकांचे दुखणे वेगळे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने त्यांना खासगी शिकवणीच मना केली आहे. हलालचा प्रश्न तिथे रिटर्नच्या आधीच उभा राहतो.)

नियमित शिकवणी हा व्यवसाय धरला जातो, त्याला 'सहज' चालत नाही, दुसरा फॉर्म लागतो. मात्र कर नफ्यावर असतो: खडू, झेरॉक्स, विजेच्या बिलातला वाटा वजा होतो. मिरकरवाड्यातल्या ज्या पोराची फी माफ केली, ती मोजायचीच नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला. आमची बेरीज त्याच्या आतच आहे.

आधीच्या वर्षांचे तसे नाही. त्यांवर कर लागत होता. २०२५ पासून चार वर्षे मागे जाऊन राहिलेले उत्पन्न दाखवता येते; कर आणि व्याजावर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा, चौथ्या वर्षी ७० टक्के. आकडा ऐकून बेगम गप्प झाल्या. मग त्यांनीच माळ्यावरून फीच्या वह्या उतरवल्या. तीन वर्षांची बेरीज झाली आहे. चौथ्या वर्षाची वही सापडत नाही. एकेका पोराचे नाव आठवून लिहितो आहोत.