क्षेम आणि ममता

गेल्या चातुर्मासात नेरूळला एका सोसायटीत आमचे कीर्तन झाले. विषय वैराग्याचा. कीर्तन आटोपल्यावर ज्या घरी फराळाला नेले, तेथे खिडकीपाशी विणकामाचे एक लांबट जपानी यंत्र मांडलेले होते. घरची माउली सत्तरीच्या पुढची. त्याच यंत्रावर स्वेटर विणून तिने संसाराला हातभार लावला. आता आळंदीच्या कार्तिकीला थंडी पडते म्हणून दिंडीतल्या म्हाताऱ्यांसाठी ती दरसाल कानटोप्या विणते. मुलगा म्हणाला, “बुवा, घर दोन खोल्यांचं. हे धूड काढू म्हटलं तर आई ऐकत नाही. तुम्हीच सांगा.” निरूपणाच्या भरात आम्ही बोलून गेलो, “माउली, वस्तूत जीव गुंतवू नये. आज ना उद्या सुटायचंच आहे.” ती काही बोलली नाही. ताट वाढून आत गेली.

घरी आलो आणि पखवाजाकडे नजर गेली. दर वेळी धुमेला ओली कणीक लावायची, भजन संपले की खरवडून पुसून काढायची. हे आम्ही सेवा समजतो. मग त्या माउलीची जपणूक तेवढी आसक्ती कशी हो झाली?

मन खाईना, म्हणून पुन्हा गेलो आणि म्हणालो, “यंत्र दाखवा बरं.” तिने दाखविले. एका ओळीत दोनशे सुया. प्रत्येक सुईला आकडा आणि उघडझाप करणारी इवलीशी जीभ. वरून गाडा एकदा सरकला की टाक्यांची एक ओळ पुरी. सुयांवर आतून स्पंजाची पट्टी दाब ठेवते. वर्षांनी तो स्पंज बसतो, सुया वर उचलतात आणि टाके गळतात. म्हणून पट्टी बदलावी लागते. जुने तेल डिंकासारखे चिकटते, ते पुसून शिलाई यंत्राचे पातळ तेल थेंबभरच द्यायचे. जास्त झाले तर लोकरीला डाग. खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. सुया पुसल्या नाहीत तर गंज चढतो. एक टाका सुटला की खालपर्यंत उसवत जाते.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे वचन दिले आहे. योग म्हणजे नसलेले मिळणे, क्षेम म्हणजे असलेले राखणे. आपण योगासाठी नवस बोलतो. क्षेमाची आठवण कोणाला? कोणी म्हणेल, देव राखतो तर तेल कशाला घालायचे? पण देव राखतो तो कोणाच्या हातांनी, सांगा बघू! सावतोबा अरणच्या मळ्यातच राहिले. मळा राखणे आणि नाम घेणे यांत त्यांनी भेद केला नाही.

मात्र मुलाचेही म्हणणे सगळे खोटे नव्हे. कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली, कोणाला हात लावू न दिलेली वस्तू म्हणजे ममताच. खूण एवढीच: राखलेल्या वस्तूने दुसऱ्याचे काही काम होते का, आणि वेळ आली की हात सुटतो का? पहिलीचे उत्तर टोपल्यात दिसतच होते. कानटोप्या रचून ठेवलेल्या. दुसरी आम्ही विचारली.

ती हसून म्हणाली, “बुवा, मी काय वर नेणार आहे? शेजारची सून शिकतेय. तिचा हात बसला की यंत्र तिच्या घरी. तोवर मुलाला म्हणावं, कळ काढ.”

मुलगा दारातच उभा होता. “मग पट्टी मीच बदलून देतो,” म्हणाला.

आम्ही माउलीला हात जोडले. वैराग्य सांगताना आम्ही सोडणे तेवढे शिकविले. नीट राखून मग सोडणे तिने आम्हांला शिकविले.

रामकृष्णहरि!