चोवीस कॅसेटी

भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वाचा नववा दिवस उत्तम आकिंचन्याचा. आपलं म्हणावं असं आपल्याजवळ काहीही नाही, याचं चिंतन करण्याचा. त्या दिवशी मी टोकियोत, निशी-कासाईच्या घरात, कपाटाचा खण उघडते आणि गेम बॉयच्या कॅसेटी मोजते. चोवीसच्या वर एकही ठेवायची नाही, असं मी ठरवून घेतलं आहे. जास्त निघाली तर कोणाला तरी देऊन टाकायची. विकायची नाही.

हा नियम आजीकडून आला. आम्ही शिरोळ तालुक्यातले शेतकरी जैन. आजीनं महाराजांसमोर परिग्रह-परिमाण घेतलं होतं, श्रावकाच्या अणुव्रतांतलं पाचवं. लुगडी इतकी, भांडी इतकी, सोनं इतकं. माहेरून नवं लुगडं आलं की एक जुनं घराबाहेर जायचं. ते देण्याआधी आजी घडी उलगडून काठावरून हात फिरवायची. तिचा लुगड्यांवर जीव नव्हता असं कोणी म्हणू नये. कुठलं कोणाच्या लग्नात आलं, कुठल्याचा पदर कसा, सगळं तिला तोंडपाठ होतं.

माझा प्रश्न तिथलाच आहे. वस्तू आवडणं आणि वस्तूत अडकणं, यांच्यामधली हद्द नेमकी कुठं?

आवडतं म्हणजे काय आवडतं, ते आधी सांगते. इथं हार्ड-ऑफसारख्या जुन्या सामानाच्या दुकानांत 'जंक'चे खोके असतात. वस्तू चालेलच याची हमी नाही, म्हणून स्वस्त. त्यातून एखादी राखाडी कॅसेट निवडून घरी आणायची. पाठीमागचा एकुलता एक स्क्रू ३.८ मिलिमीटरच्या खास पेचकसानं काढायचा, आतली हिरवी पट्टी अलगद बाहेर घ्यायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी तिच्या सोनेरी संपर्कांवरून फिरवायची. काडी काळी पडते. दुसरी घ्यायची, मग तिसरी. (फुंकर मारू नये. लहानपणी सगळेच मारायचे, पण श्वासातल्या ओलीनं धातू गंजत जातो.) मग कॅसेट बसवून बटण सरकवायचं.

प्रत्येक कॅसेटमध्ये निन्टेंडोच्या नावाचं चित्र साठवलेलं असतं, अवघ्या ४८ बाइटचं. यंत्र ते वाचतं, पडद्यावर वरून खाली आणतं आणि स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून बघतं. जुळलं नाही तर यंत्र तिथंच थांबतं. संपर्क मळलेले असले की नावाच्या जागी काळा पट्टा किंवा वेडेवाकडे ठिपके उतरतात. साफ केल्यानंतर तेच नाव स्वच्छ अक्षरांत खाली येतं, 'टिंग' असा आवाज होतो आणि खेळ सुरू होतो. त्या क्षणी मला होणारा आनंद खरा आहे, मोठा आहे, आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

गेम बॉय १९८९ साली आला, गुनपेई योकोई यांच्या विभागातून. पडद्याला चार छटा, आत दिवा नाही. त्याच वर्षीच्या अटारी लिंक्सला रंग होते, उजेड होता, आणि त्यापायी सहा बॅटऱ्या काही तासांत संपत. योकोईंचा भर स्वस्त, मुरलेल्या तंत्रातून नवं काही काढण्यावर होता. त्या यंत्रावरचं टेट्रिस ३२ किलोबाइटमध्ये बसतं. असं मोजकेपण मला ओळखीचं वाटतं.

आमच्या ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा मला म्हणतो, "ताई, गेम बॉयचे सगळे खेळ नखाएवढ्या मेमरी कार्डात मावतात. कपाट रिकामं, डोक्याला ताप नाही. याहून मोठा अपरिग्रह कुठला?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. न दिलेलं घेणं हा दोष तिसऱ्या अणुव्रतात येतो, तो तूर्त बाजूला ठेवू. पण उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही. मूर्च्छेला, म्हणजे वस्तूबद्दलच्या ममत्वाला, त्यांनी परिग्रह म्हटलं आहे. त्या हिशेबानं जागा लागत नाही हा मुद्दाच गैरलागू ठरतो. उलट जिथं जागा संपत नाही तिथं हवेपणाही संपत नाही. ज्यांतल्या बहुतेकांना आपण कधी हातही लावणार नाही असे शेकडो खेळ 'असू देत' म्हणून उतरवून घेणं, हे मला माझ्या खणापेक्षा जड वाटतं. खण भरला की मला थांबावं लागतं. कार्ड कोणालाच थांबवत नाही.

एवढ्यावर मी जिंकले असं मात्र नाही. दिगंबर परंपरेत बाह्य परिग्रह दहा प्रकारचे: जमीन, घर, चांदी, सोनं, धान्य वगैरे. अंतरंग परिग्रह चौदा. त्यांत मिथ्यात्व आहे, क्रोध-मान-माया-लोभ हे चार कषाय आहेत, आणि उरलेल्या नऊ नोकषायांत हास्य आणि रती आहेत. म्हणजे नाव स्वच्छ उतरल्यावर मला जो आनंद होतो, तोच यादीत आहे. कॅसेटी चोवीसवर थांबवता येतात, आनंद कशानं मोजायचा?

मुनींचं उत्तर सरळ आहे. पिंछी, कमंडलू, शास्त्र एवढंच जवळ ठेवायचं, बाकी सगळं सोडायचं, रतीसुद्धा. गृहस्थाकडून व्रत एवढं मागत नाही, परिमाण मागतं. आणि माझा अनुभव असा की परिमाणानं आनंदाची दिशा बदलते. 'पुढची कुठं मिळेल' असं विचारणारा आनंद बघता बघता लोभाकडे जातो. चोवीस भरलेल्या असल्या की नवी हातात घेताना आधी मनात येतं, हिच्यासाठी कुठली जाईल? मग घरातल्या चोवीस पुन्हा बघाव्या लागतात, एकेक लावून खेळाव्या लागतात. रती उरतेच, पण जे हातात आहे त्याच्यावर उरते. माझ्या मते गृहस्थाला एवढी परवानगी आहे. एखाद्या मुनींनी मला यात खोडून काढलं तर मी ऐकेन.

पोकेमॉनच्या पहिल्या दोन कॅसेटी, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आल्या. सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे, त्यातून हा खेळ सुचला. खेळ गोळा करण्याचाच आहे, पण एका कॅसेटमध्ये सगळे प्राणी मिळत नाहीत. केबल जोडून दुसऱ्याला आपला द्यावा लागतो, तेव्हा त्याचा मिळतो. आलेल्या प्राण्याबरोबर त्याच्या पहिल्या धन्याचं नाव आणि क्रमांक कायमचा राहतो. आपल्याकडे पुरेसे बिल्ले नसतील आणि तो प्राणी फार बलवान असेल, तर तो आपलं ऐकत नाही. बारा भावनांतली अन्यत्व भावना मला पुस्तकातून कधी इतकी कळली नव्हती. आपल्या हाती आलेलं आपलंच होतं असं नाही.

माझ्याकडच्या ग्रीनच्या पाठीवर एका मुलीचं नाव आहे, जाड पेनानं, एक अक्षर खोडून पुन्हा लिहिलेलं. खेळ लावला की तिची जपून ठेवलेली नोंद अजून दिसते: तेच नाव, आठही बिल्ले, दीडशेतले थोडेच प्राणी राहिलेले. ही नोंद एका बटण सेलवर टिकून आहे. सेल संपला की ती गेली. नव्यानं खेळ सुरू करून नोंद केली तरी गेली, कारण जागा एकच.

मला आधी वाटलं, जाऊ द्यावी. अनित्य भावना दुसरं काय सांगते? पण मग लक्षात आलं की जे माझं नाही त्याचा त्याग मी करू शकत नाही. ती पुसली जाऊ देऊन मी काहीच सोडत नव्हते, सोडावं लागलं असतं त्या मुलीला, आणि तेही तिच्या नकळत. म्हणून नोंद वाचणाऱ्या एका छोट्या उपकरणानं मी तिची प्रत काढली, जुना सेल डाग सोडवून काढला, नवा बसवला आणि नोंद जशीच्या तशी परत भरली.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग ती चोवीसात धरू नकोस बाई. दुसऱ्याची ठेव आपल्या परिमाणात मोजायची नसते."

आईचा हिशेब चुकीचा नाही, तरी मी तो घेतला नाही. नोंद त्या मुलीची असेल, पण ती सापडल्याचा आनंद माझा आहे आणि मोजायचा तोच आहे. तिला धरून पंचवीस होत होत्या. यंदा मी टेट्रिस काढलं आणि त्या पुण्याच्या मुलाला दिलं, त्याच्या लेकीसाठी.