मेलेल्यांची स्तुती

दरवर्षी १ जानेवारीस आमच्या यवतमाळ जिल्ह्यातूनही पुष्कळ लोक पुण्याजवळील कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभास जातात. सन १८१८ तील लढाईनंतर कंपनी सरकारने सन १८२१ त त्याचा पाया घातला व आपल्या फौजेची कीर्ती त्यावर कोरविली. पडलेल्यांच्या ४९ नावांपैकी २२ महारांची आहेत. परंतु त्यांच्याच वंशजांस इंग्रजी राज्याने सन १८९२ च्या सुमारास पलटणीचे दार लाविले; महायुद्धात माणसे हवी झाली तेव्हा सन १९१७ त ते उघडिले, आणि सन १९२१ त पुन्हा लाविले.

हे केवळ येथलेच नव्हे. रशियात स्टालिनने सन १९४७ त विजयदिनाची सुटी काढिली. सन १९६५ त पुढील राज्यकर्त्यांनी ती परत आणिली. आज तेथील सरकारी दूरदर्शन त्याच विजयाच्या नावाने युक्रेनवरील युद्ध न्याय्य ठरविते.

तर मग स्मरण सोडावे काय? मुळीच नाही. सन १९२७ त डॉ. आंबेडकर त्याच स्तंभापाशी गेले, आणि सरकारची विजयखूण लोकांच्या स्वाभिमानाची खूण झाली. म्हणून, प्रिय वाचकहो, सत्ताधारी मेलेल्यांची स्तुती गाऊ लागला म्हणजे आपण एवढेच पाहावे, असे आम्हांस वाटते: त्यांच्या लेकरांस तो कसे वागवितो?